आमच्या घरातली नेव्ही, बॉयलररूमवाली

काकांच्या कंपनीत बॉयलर ऑपरेटरच्या कामासाठी कोणी आलं ना, की सर्टिफिकेट वगैरे नंतर, आधी एकच प्रश्न असतो. "गेज ग्लास पूर्ण भरला आहे का पूर्ण रिकामा आहे, कसं ओळखशीन?" बॉयलरला समोरून काचेची उभी नळी असते, आत पाणी किती आहे ते दिसायला. पाणी मधे असलं की रेघ दिसते. पण नळी वरपर्यंत भरली किंवा खालपर्यंत आटली, दोन्ही वेळेला रेघच गायब, काच सारखीच दिसते. आता भरला आहे समजून तुम्ही निवांत बसले आणि आत ट्यूबा कोरड्या पडल्या असल्या तर गेलं काम. आणि रिकामा आहे हे कळल्यावर घाबरून पंप सुरू केला तर अजूनच वाईट, लाल झालेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की त्याची एका झटक्यात वाफ होते आणि मग शेडचे पत्रे कुठे आणि माणसं कुठे. आधी आग बंद करायची, पाण्याला हात लावायचा नाही.

बहुतेक जण काहीतरी लांबलचक उत्तर देतात. काकांना हवं असलेलं उत्तर एवढंच, की पाहून नाही समजत साहेब, खालचा ड्रेन उघडून पाहा लागते. जो हे म्हणेल त्याला चहा आणि नोकरी. जो "अनुभवावरून समजते" म्हणेल त्याला फक्त चहा.

काका म्हणजे माझे सख्खे काका, बाबांचे धाकटे भाऊ. नेव्हीतून चीफ म्हणून, म्हणजे खलाशांमधल्या वरच्या हुद्द्यावरून, रिटायर झाले, आता हिंगणा एमआयडीसीत त्यांची बॉयलर सर्व्हिसिंगची कंपनी आहे, आणि तिथे मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणतात. मागच्या नेव्ही डेला फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी जहाजांचे फोटो आणि सॅल्यूटचे इमोजी टाकले, आणि मला वाटून राहिलं होतं की आपल्या घरातल्या नेव्हीचं कोणी काही लिहिलंच नाही, म्हणजे जी बॉयलररूममधली नेव्ही आहे ती. पांढरा ड्रेस, डेकवर उभी रांग, बँड, हे सगळं आहेच. पण आमच्या घरचे लोक डेकच्या खाली होते, जिथून समुद्र दिसतही नाही.

नागपूरचा माणूस नेव्हीत कसा काय, हे आम्हाला नेहमी विचारतात. इथे फौज म्हटलं की कामठीचं गार्ड्स रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरचं एअरफोर्सचं मेंटेनन्स कमांड, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलाव. मुंबईचा समुद्र पाहायचा तर रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर जा. आमच्याकडे ते आलं रेल्वेतूनच. पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनवर फायरमन होते, मोतीबागला. कोळसा मारायचा, प्रेशर सांभाळायचं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, लहानपणापासून त्यांच्यासोबत शेडमध्ये जायचे, त्यामुळे भरतीच्या वेळी आग आणि वाफ हे शब्द निघाल्यावर त्यांना स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरची आग सांभाळणारा, म्हणून घेतलं असं ते सांगायचे. यात खरं किती आणि मीठमसाला किती ते देवाला माहीत, आबाजींना गोष्ट रंगवायची भारी हौस.

पण एक गोष्ट त्यांनी कधी रंगवली नाही, १९७१ ची. ते तेव्हा विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, जुन्या विक्रांतवर, जे १९६१ मध्ये नेव्हीत आलं. लोकांना विक्रांत म्हटलं की सीहॉक विमानं आठवतात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावरचे हल्ले आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या जहाजाचे बॉयलर त्या वेळी आजारी होते हे फार कमी लोकांना माहीत असते. १९७० मध्ये बॉयलरच्या वॉटर ड्रमना, म्हणजे पाण्याच्या लोखंडी पिंपांना, तडे गेलेले सापडले, वेल्डिंगने दुरुस्त होणार नाहीत असे. नवे ड्रम इकडे मिळत नव्हते, ब्रिटनकडून मागवले होते, आणि बॉयलर पेटवायचेच नाहीत असा हुकूम होता. जहाज कित्येक महिने मुंबईत पडून. मग १९७१ च्या सुरुवातीला, युद्धाची चिन्हं दिसायला लागल्यावर, नवे ड्रम आलेले नसताना कमी प्रेशरवर बॉयलर पेटवून पाहिले. आणि शेवटी तेच जहाज एक बॉयलर बाजूला ठेवून बंगालच्या उपसागरात लढायला गेलं.

हे एवढं मोठं का, ते आबाजी असं सांगायचे. विमानाला डेकवरून उडायला समोरून वारा लागतो. वारा नसला तर जहाजाने जोरात पळून तो तयार करायचा. जहाज पळणार कशाने, तर टर्बाइनने. टर्बाइन फिरणार वाफेने. म्हणजे वर पायलट कॉकपिटमध्ये बसला आहे आणि त्याचा वारा खाली आम्ही बनवून राहिलो, असं. आणि ज्या बॉयलरमधून तो बनवायचा त्याला तडे आहेत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतलाच शोधत होती, ती ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा विक्रांत तिकडे अंदमानच्या बाजूला होतं. मी एकदा विचारलं होतं, आबाजी, पाणबुडीची भीती नाही वाटली? ते म्हणाले, "पाणबुडी बाहेर होती बाई. बॉयलर तर समोर होता."

आजीची बाजू वेगळीच आहे. तिला युद्धाचं रेडिओवरून कळत होतं, आणि जहाज कुठे आहे हे कोणी सांगत नव्हतं. पत्र टाकायचं ते "द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई" या पत्त्यावर, जहाज बंगालमध्ये असो की अरबी समुद्रात, पत्ता तोच. मग पत्र तिथून फिरत फिरत कधी पोचेल तेव्हा. त्या महिन्यात तिने लिहिलेल्या पत्रांना उत्तरं आली ती युद्ध संपल्यावर एकगठ्ठा, आणि सगळ्यात वरच्या पत्रात आबाजींनी काय लिहिलं होतं तर गहू कोणाकडून घेतला ते कळव. आजी अजूनही यावरून चिडते. मला विचाराल तर घराण्याची देशसेवा म्हणून फोटोला हार घालताना तिचाही फोटो बाजूला पाहिजे, पण ते असो, ती अजून खुटखुटीत आहे आणि हा हाराचा विषय तिला आवडणार नाही.

काका १९८४ मध्ये आर्टिफिसर अप्रेंटिस म्हणून गेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला, नेव्हीचं मरीन इंजिनीअरिंगचं ट्रेनिंग तिथेच होते. चार वर्षं ट्रेनिंग, फाइलिंगपासून सुरुवात. लोखंडाचा एक तुकडा द्यायचे आणि कानस मारून मारून तो अचूक मापात आणायचा, प्रकाश आरपार दिसला नाही पाहिजे. काका म्हणतात पहिल्या काही महिन्यांत बोटं एवढी फुटली होती की जेवताना वरणात हात घातला की झोंबायचं. आर्टिफिसरला नेव्हीत टिफी म्हणतात. टिफी म्हणजे असा माणूस की ज्याला मशीन चालवताही येते आणि बिघडली तर समुद्रात, स्पेअर पार्ट नसताना, बनवून बसवताही येते.

मग विराट, तेही विमानवाहू जहाज. ते मूळचं ब्रिटिशांचं हर्मीस, १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांचं फ्लॅगशिप होतं, आपल्या नेव्हीत १२ मे १९८७ ला आलं. तेही वाफेवरचं. काका ऑपरेशन ज्युपिटरच्या वेळेस होते, १९८९, श्रीलंकेत आपली शांतिसेना होती तेव्हाची मोहीम. आणि १९९३ मध्ये विराटच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं आणि जहाज कित्येक महिने बंद राहिलं, तेव्हाही ते तिथेच होते. त्याबद्दल मात्र ते काही सांगत नाहीत. कोणी विचारलं तर "पाणी काढलं, साफ केलं, पुन्हा चालू केलं" एवढंच. काकी म्हणते त्या वर्षी सुट्टीवर आले तर झोपेत कोणाला तरी नावाने हाक मारत होते.

बॉयलररूमचं मला जे सगळ्यात आवडते ते म्हणजे वॉच. जहाजावर दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांमध्ये कापलेला असतो, रात्री बारा ते चारची पाळी सगळ्यात वाईट. पण असं केलं तर एका माणसाच्या नशिबी रोज तीच रात्र येईल ना, म्हणून संध्याकाळी चार ते आठच्या पाळीचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात, त्याला डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या होतात सात, आणि रोज सगळ्यांची पाळी आपोआप सरकत जाते. काही शे वर्षं जुनी युक्ती आहे, कोणाला ना मीटिंग घ्यावी लागत ना भांडावं लागत. आणि दुसरा नियम, चार्ज. पुढचा माणूस आधी येणार, स्वतःच्या डोळ्यांनी प्रत्येक गेज पाहणार, स्वतःच्या हाताने ड्रेन उघडणार, लॉगबुकवर सही करणार, आणि मगच पहिला माणूस निघणार. पहिल्याने "सगळं ओके आहे बे" म्हटलं तरी त्याच्या शब्दावर सही करायची नाही. दोस्त असला तरी नाही, उलट दोस्त असला तर अजिबातच नाही.

रिटायर झाल्यावर काय, हा प्रश्न नेव्हीवाल्यांना चाळिशीतच पडतो, बाकी लोकांच्या करिअरचा जोर चालू असते तेव्हा. शेवटच्या वर्षात रिसेटलमेंट कोर्स मिळतात, डायरेक्टरेट जनरल रिसेटलमेंटतर्फे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचं असते. काकांनी ते सगळं केलं. पण इथे नागपुरात माजी सैनिक म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच चित्र, गेटवरचा गार्ड. काकांना पहिल्या महिन्यात तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, तिन्ही सिक्युरिटीचे. एका जागी त्यांनी सांगितलं की मी स्टीम टर्बाइन चालवले आहेत, तर समोरचा म्हणे, "हो का, मग जनरेटर पण पाहून घ्याल ना गेटवर?" गार्डचं काम वाईट नाहीच, काकांचे कितीतरी दोस्त इमानदारीने करून राहिले. पण चार वर्षं लोणावळ्याला कानस मारून आणि दोन दशकं आगीसमोर उभं राहून मिळालेली विद्या रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहिण्यात घालवायची, हे मलाही पटत नाही आणि ज्या देशात चांगला फिटर शोधून मिळत नाही तिथे तर बिलकुल नाही.

धंदा सापडला गोंदियाला, तोही एका लग्नात. काकीच्या माहेरचे लोक तिकडचे. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी राइस मिलवाला रडत होता की बॉयलरच्या ट्यूबा वर्षात दुसऱ्यांदा फुटल्या. भंडारा-गोंदिया म्हणजे धानाचा पट्टा, तुमसरपासून गोंदियापर्यंत मिलाच मिला. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफवावं लागते, म्हणजे बॉयलर आलाच, आणि जळण म्हणजे धानाचाच भुसा, फुकटचा. सीझनमध्ये रात्रंदिवस चालते. काका हात धुऊन लग्नाच्या कपड्यातच त्याच्या मिलमध्ये गेले, बॉयलर थंड होता, ट्यूब कापून ठेवलेली होती. आतून पाहिली तर पांढऱ्या दगडाचा थर, बोटाएवढा जाड. बोअरचं पाणी, आपल्याकडचं पाणी किती जड ते नळाच्या तोट्या पाहून समजते. क्षाराच्या थरामुळे आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, ट्यूबचं लोखंडच तापत जाते, फुगते आणि फुटते. मिलवाला तिथपर्यंत ट्यूब कंपनीला शिव्या देऊन राहिला होता.

जहाजावर बॉयलरला समुद्राचं पाणी जवळही येऊ देत नाहीत. खारं पाणी उकळून त्याचं शुद्ध पाणी बनवतात, आणि तरीही त्याची टेस्ट सारखी चालू, कुठूनतरी मीठ आत झिरपलं तर नाही. काकांना हे इतकं अंगवळणी होतं की लोक बॉयलरमध्ये सरळ बोअरचं पाणी टाकतात हे ऐकूनच त्यांना धक्का बसला. दुसऱ्या आठवड्यात ते एक लाकडी पेटी घेऊन पुन्हा गोंदियाला गेले. या वेळी मी सोबत होते, कॉलेजला सुट्टी होती आणि मला फक्त गोंदियाचा सीताफळ रबडीवाला माहीत होता म्हणून गेले.

मिलच्या ऑफिसमध्ये टेबलवर काचेचा छोटा फ्लास्क ठेवला, त्यात मिलवाल्याच्याच टाकीतलं पाणी, त्यात एक चिमूट पावडर, तर पाणी दारूसारखं लालसर झालं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब दुसरं औषध सोडायला लागले आणि मिलवाल्यालाच मोजायला सांगितलं. हे औषध पाण्यातला क्षार पकडते, सगळा पकडून झाला की रंग निळा होतो, जितके जास्त थेंब तितका जास्त क्षार. मिलवाला मोजून राहिला, मोजूनच राहिला, निळा काही होईना, मुनीम येऊन उभा राहिला, ड्रायव्हर येऊन उभा राहिला. शेवटी झाला एकदाचा निळा. मग काकांनी आपल्या पेटीतून सॉफ्टनरमधून, म्हणजे क्षार काढणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या पाण्याची बाटली काढली, तीच पावडर टाकली, पाणी सरळ निळंच. कोणी काही बोललं नाही. मिलवाल्याने विचारलं, "चीफसाहेब, किती लागतीन?" तिथून कंपनी सुरू झाली असं मी धरते, रजिस्ट्रेशन नंतर झालं.

पैशाचं मात्र सांगितलं पाहिजे, कारण यशोगाथा सांगणारे लोक हा भाग खाऊन टाकतात. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून मिळालेली रक्कम शेड आणि अवजारांत गेली. कर्जासाठी एका बँकेत गेले तर मॅनेजर म्हणे तारण आणा, तारणाशिवायच्या कर्जाची सरकारी गॅरंटी योजना २००० पासून आहे हे काकांनी कागद दाखवून सांगितल्यावर म्हणे बघू. बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पहिली तीन-चार वर्षं घर चाललं काकीच्या शाळेच्या पगारावर आणि हिशोबही तीच ठेवायची. काकांना उधारी वसूल करता येत नव्हती. नेव्हीत पगार एक तारखेला येतो हो, मागावा लागत नाही! इथे मिलवाले म्हणायचे सीझन झाल्यावर देतो, सीझन झाला की म्हणायचे सरकारकडून भरडाईचे पैसे यायचे आहेत. काकी सरळ फोन लावायची आणि गोड आवाजात विचारायची, भाऊ, चेक आज पाठवता की मी घ्यायला येऊ, चहा तुमच्याकडेच घेईन. एवढं बोलली की चेक यायचा. आता छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, असा नियम २०२४-२५ च्या असेसमेंटपासून लागू झाला, तेव्हापासून मार्च महिन्यात लोक स्वतःहून फोन करतात. काकी म्हणते हा नियम माझ्या तरुणपणी का नाही आणला.

आणि माणसं. काकांनी पहिल्या वर्षी हिंगण्याच्या शेडमध्ये अगदी जहाज चालवायला घेतलं. सकाळी आठला हजेरी, उशीर झाला की सगळ्यांसमोर बोलणं. एक वेल्डर होता, हाताला सोनं असलेला, त्याला एकदा जोरात बोलले तर त्याने हेल्मेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "चीफ, मी तुमच्या जहाजावर नाही, मी माझ्या सायकलवर आलो," आणि गेला. दोन शेड सोडून तिसऱ्या शेडमध्ये लागला, पाचशे रुपये जास्त पगारावर. जहाजावरून माणूस संध्याकाळी निघून जाऊ शकत नाही, हा केवढा मोठा फरक आहे हे काकांना तेव्हा समजलं. शिस्तीचं श्रेय आपण वर्दीला देतो, पण त्यातलं अर्धं श्रेय चारही बाजूंच्या पाण्याला आहे असं माझं मत. हे काकांसमोर बोलले होते मी. ते हसले नाहीत पण नाहीही म्हटलं नाही.

मग त्यांनी नेव्हीतलीच दुसरी एक गोष्ट काढली, डिव्हिजनल सिस्टिम. जहाजावर प्रत्येक खलाशी एका डिव्हिजनल ऑफिसरच्या हाताखाली असतो, आणि त्या ऑफिसरला फक्त कामाचं नाही, त्या माणसाच्या सुट्टीचं, घरच्या आजारपणाचं, पोरांच्या शाळेचं, कर्जाचं सगळं माहीत असावं लागते. ओरडा मारायचा हक्क असला तर हे माहीत असायची जबाबदारी पण आहे, असं ते. काकांनी प्रत्येक सुपरवायझरला सात-आठ माणसं वाटून दिली आणि दर शनिवारी चहाच्या वेळेला विचारायला लागले, अमक्याच्या पोरीची ॲडमिशन झाली का, तमक्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी. सुपरवायझरला उत्तर आलं नाही तर त्याला बोलणं. तो वेल्डर दीड-दोन वर्षांनी परत आला, हे ऐकून की एकाच्या बापाला दवाखान्यात न्यायला चीफने रात्री स्वतः गाडी काढली. आता तोच शेडचा फोरमन आहे, आणि काकांपेक्षा जास्त ओरडतो.

डॉग वॉच पण आणली. सीझनमध्ये कंपनीचे ऑपरेटर मिलांमध्ये राहतात, रात्रपाळीवरून कायम भांडणं व्हायची, जुने लोक दिवस घ्यायचे आणि नव्यांच्या गळ्यात रात्र. काकांनी सात पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला. आपोआप सरकतो, कोणाच्या ओळखीपाळखीचा प्रश्न नाही. आणि चार्जचा नियम तर जसाच्या तसा, गेज पाहिल्याशिवाय, ड्रेन उघडल्याशिवाय सही नाही. एका मिलवर पहाटे चारला बदलीच्या पोराने सही करायच्या आधी ड्रेन उघडला तर पाणीच नाही, फीड पंपाचा व्हॉल्व्ह अडकला होता आणि आधीचा माणूस काच पाहून भरला आहे समजून बसला होता. पोराने पंपाला हात लावला नाही, भुशाचं फीडिंग बंद केलं, आग ओढून काढली, आणि काकांना फोन केला. तो पोरगा बावीस वर्षांचा होता, आयटीआय. काकांनी त्याला काय बक्षीस दिलं तर लॉगबुकमधलं ते पान फ्रेम करून ऑफिसमध्ये लावलं, त्याची सही आहे त्यावर आणि वेळ ०३५२. पगारही वाढवला, काकीने आठवण करून दिल्यावर.

विराट ६ मार्च २०१७ ला निवृत्त झालं आणि २०२० मध्ये तोडायला अलंगला नेलं. काकांचे दोस्त जायचं म्हणत होते, काका नाही गेले, म्हणाले तोडताना कशाला पाहायचं. विक्रांत तर त्याच्या आधीच भंगारात गेलं होतं. त्याचं थोडं लोखंड वापरून बजाजने २०१६ मध्ये व्ही ही मोटरसायकल काढली, आणि काकांनी पहिल्याच लॉटमधली बुक केली, आबाजींना सरप्राइज म्हणून. आबाजी तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. काठीने टाकीवर ठोकून पाहिलं, कान लावला, आणि म्हणाले, "हे वरचं असंन, डेकचं. आमच्या खालचं नाही हे." तरी रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचे. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. २०२२ मध्ये नवं विक्रांत आलं, त्यात गॅस टर्बाइन आहेत, बॉयलर नाहीत. आमच्या घरच्या लोकांना तिथे काम नाही.

सध्या शेडमध्ये भांडण चालू आहे ते माझ्या चुलतभावाचं आणि काकांचं. दादा एमबीए करून पुण्याहून परत आला, त्याला लॉगबुक बंद करून सगळं ॲपवर आणायचं आहे, सेन्सर लावायचे, नागपुरात बसून गोंदियाचं प्रेशर मोबाइलवर दिसेल. त्याचं म्हणणं चुकीचं नाहीच. बॉयलरचा १९२३ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, ग्राहक पण आता रिपोर्ट ईमेलवर मागतात, आणि काकांची लॉगबुकं कपाटात मावत नाहीत. काकांचा विरोध सेन्सरला नाही. ते म्हणतात लाव तू सेन्सर, पण बदलीच्या माणसाने ड्रेन उघडून पाहिला याचं सेन्सरमध्ये बटण ठेवशील तर तो बटण दाबेल, ड्रेन उघडणार नाही. दादा म्हणतो मग कागदावर पण खोटी सही करताच येते ना. हेही खरं. यावर दोन रविवार जेवण गार झालं आहे.

दुसरं भांडण अग्निवीरांवरून. आमच्या त्याच फोरमनची मोठी पोरगी नेव्हीत गेली, अग्निवीर म्हणून, ओडिशाच्या आयएनएस चिल्काला ट्रेनिंग झालं. मार्च २०२३ मध्ये तिथून पहिली बॅच निघाली, त्यात २७३ मुली होत्या, खलाशी म्हणून नेव्हीत मुली घ्यायला सुरुवातच तिथून झाली. त्या बॅचची परेड सूर्यास्तानंतर झाली होती, ती टीव्हीवर पाहून पोरीने ठरवलं आणि पुढच्या भरतीत लागली. जायच्या आधी काका तिला रोज संध्याकाळी शेडमध्ये बसवून व्हॉल्व्ह ओळखायला शिकवायचे. पण अग्निवीर म्हणजे चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवतात, बाकीचे परत. काकांना चार वर्षांची गोष्ट पटत नाही, त्यांचं तर चार वर्षांत फक्त ट्रेनिंग झालं होतं. पण परत येणाऱ्या पोरापोरींना पुन्हा गेटवर उभं करतील या विचाराने ते जास्त अस्वस्थ आहेत. म्हणून त्यांनी ठरवलं आहे की पहिली बॅच सुटली की त्यातले जेवढे घेता येतील तेवढे घ्यायचे आणि सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची तयारी कंपनीच्या पैशाने करून घ्यायची.

दादा म्हणतो घेऊ, पण सीझनपुरते, आधी कॉन्ट्रॅक्टवर. काका म्हणतात चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच होते ना ते, अजून किती. काकी कॅल्क्युलेटर घेऊन बसली आहे, तिच्या हिशोबाने या वर्षी तिघांना कायमचं घेता येते, चौथ्यासाठी भंडाऱ्याच्या एका मिलवाल्याची मागची बाकी आधी यायला पाहिजे. उद्या सकाळी ती त्याला फोन लावणार आहे.